मॅक्रो माऊस : वापरण्यापूर्वी वाचावे

(खुलताबाद व परिसरातील होतकरू गेमरांसाठी मार्गदर्शक पुस्तिका)

अभिनंदन! बाजूला जादा बटणं आणि पोटात रंगीत दिवे असलेला माऊस अखेर तुमच्या घरात आला. ‘टायपिंगच्या क्लासला लागतो’ असं सांगून तो आणला असेल, तर त्या भानगडीत ही पुस्तिका पडणार नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की शासनाच्या टायपिंग परीक्षेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्द कीबोर्डवर बडवावे लागतात. माऊसच्या दिव्यांना तिथे कोणी विचारत नाही, आणि ही गोष्ट आज ना उद्या वडिलांच्या कानावर जाणारच.

सदर पुस्तिका खुलताबाद, वेरूळ, गल्लेबोरगाव, बाजारसावंगी आणि तालुक्यातल्या इतर गावांमधल्या नवशिक्या खेळाडूंसाठी आहे. जे आधीच ‘प्रो’ आहेत त्यांनी ती वाचू नये. तशीही ही मंडळी काही वाचत नाहीत. अटी-शर्तींच्या खाली ‘मान्य आहे’ दाबून मोकळी होतात. मॅक्रो चालणार नाही, हे नेमकं त्या अटी-शर्तींतच लिहिलेलं असतं.

साहित्य

माऊस एक. बाजारात पाच-सातशे रुपयांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत मिळतो. पेटीवर मोठ्या अक्षरांत 25,600 डीपीआय असं काहीतरी छापलेलं असतं, त्याने दबून जाऊ नये. माऊस एक इंच सरकवला की पडद्यावरचा बाण किती ठिपके पळतो, त्याचं हे माप. पंचवीस हजारांवर ठेवलात तर एक शिंक आली की तुमचा नेम शत्रू सोडून आभाळाला लागेल. नावाजलेले खेळाडू बहुतेक 400, 800, फार तर 1,600 वर खेळतात. उरलेले चोवीस हजार डीपीआय पेटीची शोभा वाढवण्यासाठी असतात.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. 1,000 हर्ट्झचा माऊस आपली खबर कॉम्प्युटरला सेकंदातून हजार वेळा देतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा. साधा ऑफिसातला माऊस 125 वेळा देतो. आता तुमची गोष्ट घ्या. पडद्यावर शत्रू दिसला, डोळ्याने मेंदूला सांगितलं, मेंदूने बोटाला सांगितलं, यात साधारण 200 मिलिसेकंद जातात. त्यातच स्वयंपाकघरातून ‘गॅस बंद कर रे’ अशी हाक आली तर हिशेब सेकंदांत जातो. माऊसने वाचवलेले सात मिलिसेकंद कुठे गुंतवायचे ते ज्याने त्याने ठरवावं.

इंटरनेट. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. म्हणजे खुलताबादेत झाडलेली गोळी आधी मुंबईला जाते, तिथे तिची नोंद होते आणि मग मागच्या गल्लीतल्या मित्राला लागते. सरकारी कामाची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

वीज. याबद्दल पुस्तिका काही लिहू इच्छित नाही. म्हैसमाळकडून ढग उतरायला लागले की रँकचा सामना सुरू करू नये, इतकंच.

पहिली पायरी : बटणांना कामं वाटून देणे

माऊससोबत येणारं सॉफ्टवेअर उघडा. लॉजिटेकचं जी हब, रेझरचं सिनॅप्स, किंवा ज्या कंपनीचा माऊस असेल तिचं जे काय असेल ते. त्यात माऊसचं चित्र दिसेल आणि प्रत्येक बटणापुढे त्याचं काम. बाजूच्या वरच्या बटणावर ग्रेनेड, खालच्या बटणावर बंदूक बदलणं, चाकाच्या दाबावर मित्रांशी बोलायचा माईक. करंगळी ताणून कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण शोधायची गरज संपली.

हे सगळं रास्त आहे. यात कोणाचं काही जात नाही. रूनस्केप, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, माइनक्राफ्टचा हायपिक्सेल सर्व्हर, यांच्या नियमांची भाषा वेगवेगळी असली तरी ताळा एकच निघतो: एक दाब, एक काम. बटण कुठे ठेवायचं ती तुमची मर्जी. दाबायचं मात्र तुम्ही, आणि एकदा दाबलं की घडायचंही एकदाच.

खुलताबादच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून भद्रा मारुतीला पायी येणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. पंचवीस-एक किलोमीटर, रात्रभर, दौलताबादचा घाट चढून. त्यात कोणी गुबगुबीत तळव्यांचे बूट घालतो, कोणी चपला हातात घेऊन अनवाणी येतो, कोणी गुडघ्याला पट्टा बांधतो. बुटांबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पण घाटाच्या माथ्यापर्यंत मोटारसायकलवर येऊन, गाडी झाडाखाली लावून, तिथून लंगडत दर्शनाच्या रांगेत शिरणारा एखादा असतोच. त्याला ‘किती वाजता निघालास?’ असं विचारलं की तो चप्पल शोधायला लागतो.

बटणांची वाटणी म्हणजे बूट. पुढच्या पायरीत मोटारसायकल येते.

दुसरी पायरी : मॅक्रो भरणे

सॉफ्टवेअरमध्ये ‘रेकॉर्ड’ नावाचं लाल बटण आहे. ते दाबा, मग कीबोर्ड-माऊसवर हवं ते करा, मग रेकॉर्ड थांबवा. आता तुम्ही जे जे दाबलंत, जितक्या जितक्या वेळाने दाबलंत, ते सगळं एका बटणाला पाठ झालं. पुढे ते बटण दाबलं की माऊस पाढे म्हणायला लागतो. चांगल्या माऊसच्या पोटात स्वतःची स्मरणशक्तीही असते. सॉफ्टवेअर काढून टाकलं, माऊस उपटून मित्राच्या घरी नेला, तरी पाढे तेच.

सराव म्हणून पहिला मॅक्रो निरुपद्रवी करावा. आपलं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड. एक बटण दाबलं की सगळा पत्ता कागदावर. महा ई-सेवा केंद्रात बसणाऱ्याला हा मॅक्रो करून द्या, तो तुम्हाला चहा पाजेल. सातबाऱ्याच्या चाळीस ओळी रोज हाताने भरणाऱ्या कारकुनाला एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून द्या, तो तुम्हाला हुशार म्हणेल, साहेब त्याला हुशार म्हणतील, आणि श्रेय शेवटी साहेबांना जाईल.

इथे नवशिक्याच्या मनात शंका येते, आणि ती यायलाच हवी. कचेरीत मॅक्रो केला तर शाबासकी आणि खेळात केला तर आयडी बॅन, हा कुठला न्याय? उत्तरासाठी एकच गोष्ट तपासायची: पलीकडे माणूस आहे का?

सातबारा भरताना पलीकडे कोणी नसतं. तुम्ही चाळीस ओळी दोन मिनिटांत भरल्या म्हणून कोणाच्या चाळीस ओळी कमी होत नाहीत. आता सकाळी अकरा वाजता तात्काळचं स्लीपरचं तिकीट काढून बघा. तिथे पलीकडे हजारो माणसं आहेत आणि बर्थ मोजके आहेत. तुम्ही नाव टाइप करताय, वय टाइप करताय, वेडीवाकडी अक्षरं ओळखताय, तोवर कोणाच्या तरी दुकानातल्या सॉफ्टवेअरने अर्ज भरून, पैसे देऊन, बर्थ उचललेला असतो. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीच्या वेटिंग लिस्टवर नाव असलेल्या माणसाला मॅक्रो म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेने 2025 च्या जुलैपासून तात्काळला आधारची पडताळणी लावली आणि एजंटांना पहिला अर्धा तास बाहेर बसवलं, ते याच दुखण्यावरचं औषध.

ऑनलाइन खेळ या दुसऱ्या जातीचा आहे. तिथे प्रत्येक बर्थवर कोणीतरी बसायला आलेलं आहे.

तिसरी पायरी : बंदूक सरळ करणे (करू नये)

नवशिक्याला पहिला मोह या पायरीवर पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

खेळातली बंदूक झाडली की तिचं तोंड वर उचललं जातं. याला आपली पोरं ‘रिकॉइल’ म्हणतात आणि हरल्यावर सगळा दोष त्याच्यावर टाकतात. काउंटर-स्ट्राइकमधली एके-47 घ्या. मॅगझिनमध्ये 30 गोळ्या, मिनिटाला 600 चा वेग, म्हणजे तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. या तीन सेकंदांत बंदूक आधी वर जाते, मग एका बाजूला, मग दुसऱ्या. गंमत अशी की ती दर वेळी जवळजवळ त्याच वाटेने जाते. म्हणून माणसाला ती वाट शिकता येते. बंदूक जिकडे जाते त्याच्या उलट हात ओढायचा. पोरं भिंतीवर गोळ्या झाडून झाडून हे शिकतात. भिंतीवर भोकांची जी नक्षी उमटते ती पाहून आपण कुठे चुकलो ते कळतं. महिनेच्या महिने जातात. मग एक दिवस हात आपोआप खाली येतो, आणि पोराला वाटतं, आपल्याला पोहता यायला लागलं.

वाट ठरलेली आहे म्हणजे ती माऊसलाही पाठ करता येते. कळ दाबली की माऊस स्वतःच खाली-डावी-उजवीकडे ओढ घेतो, गोळ्या एका ठिपक्यात. कोणी हे विकतात, कोणी फुकट वाटतात. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये लुआ नावाच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायची सोय आहे. ती दिली होती चांगल्या कामासाठी. तिचा सर्वाधिक उपयोग कशासाठी झाला हे सांगायला नको.

या पायरीवर तुमच्या हाताला काम उरत नाही. हेडफोनमधून गल्लीतला जोडीदार विचारतो, “अबे, तू माऊस चलारा, या माऊस तेरेकू चलारा?” यावर ‘नेट स्लो आहे’ असं उत्तर द्यायची पद्धत आहे.

काही जण या वेळी इतिहास काढतात. ‘हा गनिमी कावा आहे, युद्धात सगळं चालतं.’ असं खुलताबादेत बोलताना जपून बोलावं, कारण मुघलांशी गनिमी काव्याने लढलेला मलिक अंबर इथेच आहे. 1626 साली तो गेला आणि त्याची कबर याच गावात आहे. त्याच्या नावाने गनिमी कावा सांगायचा तर तो काय होता ते नीट सांगावं. मुघलांची अवजड फौज, तोफा, हत्ती, सामानाचे तांडे. अंबरकडे वेगाने पळणारे मराठे घोडेस्वार आणि इथल्या डोंगरदऱ्यांची माहिती. रसद तोडायची, छावणीच्या कडेला टोचायचं, समोरासमोर उभं राहायचं नाही. घाट कुठे अरुंद होतो, पाणी कुठे आहे, हे दुसऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असणं हा गनिमी कावा. खेळातही नकाशाचे कोपरे पाठ करून दबा धरा, शत्रूला चकवून मागून या, धूर सोडून पळून जा. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. अंबराच्या स्वारांना घोडी मात्र स्वतःच हाकावी लागत होती.

चौथी पायरी : झोपेत खेळणे

काही खेळांत लढाई कमी आणि खाणकाम जास्त. तासन्‌तास दगड फोडायचे, मासे धरायचे, लाकूड तोडायचं, की सोन्याची नाणी मिळतात. इथे मॅक्रो रात्री लावून ठेवतात. माणूस घोरतोय, पडद्यावर त्याचा पुतळा पहाटेपर्यंत लाकूड तोडतोय.

वाटतं की यात कोणाचं नुकसान? पण त्या खेळात बाजार असतो. लाकूड विकलं जातं. रात्रभर न थकता तोडणारे पाचशे पुतळे बाजारात आले की लाकडाचा भाव पडतो आणि शाळा सुटल्यावर दोन तास बसून हाताने तोडणाऱ्या पोराच्या लाकडाला कुत्रं विचारत नाही. कांद्याचा भाव पडलेला पाहिलेल्या तालुक्यात हे जास्त फोडून सांगायला नको. म्हणूनच रूनस्केपवाले इतकी वर्षं असल्या आयडी बंद करत बसलेत आणि ब्लिझार्डने 2020 च्या नोव्हेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका कीबोर्डने अनेक पुतळे नाचवणारी सॉफ्टवेअर बंद केली.

पुस्तिकेची सूचना एवढीच की खुलताबादेत आडवं पडून भक्तांना पावायचा अधिकार एकट्या भद्रा मारुतीचा आहे. बाकीच्यांनी जागं राहून खेळावं, किंवा सरळ झोपावं.

मधला अध्याय, जो खरं तर कीबोर्डचा आहे

माऊसवाले म्हणतील, आम्हालाच का धरता? म्हणून हे प्रकरण. यात रास्त आणि गैर यांच्यामधली रेघ कुठे पडते ते सगळ्यात नीट दिसतं. माझ्या मते पडली ती योग्य जागी, पण भांडण अजून मिटलेलं नाही.

काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता गोळी झाडली की ती भलतीकडे जाते. आधी थांबावं लागतं. डावीकडे पळत असाल तर ‘ए’ सोडायचं आणि क्षणभर उजवीकडचं ‘डी’ दाबायचं, की पुतळा जागच्या जागी थबकतो, आणि त्याच क्षणी गोळी. ऐकायला सोपं, करायला कठीण. ‘ए’ सोडायला उशीर झाला तर दोन्ही बटणं एकदम दाबली जातात, लवकर सोडलं तर मध्ये फट पडते. काही मिलिसेकंदांचा फरक, पण चांगला खेळाडू आणि वाईट खेळाडू यांच्यामधलं अंतर बरंचसं तेवढंच असतं.

2024 च्या जुलैत रेझरने आपल्या एका महागड्या कीबोर्डला ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय दिली. दोन्ही बटणं दाबलेली असली तरी जे नंतर दाबलं तेच खरं धरायचं. पहिलं सोडायची गरजच नाही. वूटिंग नावाच्या कंपनीनेही तशीच सोय दिली. वर्षानुवर्षं घासून शिकलेली बोटाची करामत आता कीबोर्ड करू लागला. रातोरात सगळ्यांचे पाय जागच्या जागी थबकू लागले.

इथे ‘एक दाब, एक काम’ हा नियम धड मोडलाही नव्हता, आणि घोळ तोच होता. प्रत्येक बटण माणूसच दाबत होता. सोडणं तेवढं कीबोर्ड करत होता. सोडणं हेही काम आहे का? 19 ऑगस्ट 2024 ला खेळ चालवणाऱ्या व्हॅल्व्हने सांगितलं, आहे. असली सोय वापरताय असा संशय आला तर त्यांच्या अधिकृत सर्व्हरवरून तुम्हाला सामन्यातून बाहेर काढलं जाईल. शिवाय एका बटणावर चालण्याच्या किंवा मारण्याच्या एकाहून जास्त क्रिया बांधणंही बंद केलं. महिनाभरापूर्वी कर्ज काढून कीबोर्ड घेतलेल्यांचं काय झालं असेल ते असो.

त्याच व्हॅल्व्हने याआधी दुसरी एक गोष्ट केली होती, ती मला जास्त आवडते. जुन्या आवृत्तीत उडी मारून नेमक्या क्षणी ग्रेनेड सोडला तरच तो ठरल्या जागी पडायचा. तो क्षण साधायला सगळे एका बटणावर उडी आणि फेक दोन्ही बांधून ठेवायचे. नव्या आवृत्तीत त्यांनी खेळच असा केला की हाताने फेकला तरी ग्रेनेड नेमका जातो. मॅक्रोची गरजच गेली. ज्या कामात कौशल्य नाही, नुसता त्रास आहे, ते काम खेळवाल्याने स्वतःच सोपं करावं. लोक ज्याच्यासाठी चोरी करतात ती वस्तू मोफत वाटली की चोर बेकार होतो.

पाचवी पायरी : पकडले जाणे

‘माऊसच्या पोटातला मॅक्रो कोणाला दिसणार?’ असं नवशिक्याला वाटतं. माऊसच्या पोटात कोणी बघतही नाही. बघतात ते तुमच्या बोटाकडे. माणूस भराभर क्लिक करतो तेव्हा दोन क्लिकमधलं अंतर कधी 92 मिलिसेकंद, कधी 105, कधी 88, मध्येच 131. मॅक्रोचं 50, 50, 50, 50. इतका शिस्तीचा माणूस तालुक्यात एकही नाही हे सर्व्हरलाही ठाऊक असतं. मग हुशार पोरं अंतरात थोडा गोंधळ मिसळतात. पण पत्त्यांत पिसल्याचं नाटक करणारा जसा नेहमी सारखंच पिसतो, तसा हा गोंधळही लवकरच ओळखीचा होतो. व्हॅलोरंटचा पहारेकरी व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर सुरू झाल्यापासूनच यंत्राच्या तळघरात बसलेला असतो.

लपवाछपवीचा भारतातला सर्वांत गाजलेला प्रसंग मॅक्रोचा नव्हे, त्याच्या थोरल्या भावाचा आहे, पण अभ्यासक्रमात हवाच. 19 ऑक्टोबर 2018, शांघाय, आशियाई पातळीवरची काउंटर-स्ट्राइक स्पर्धा. ‘ऑप्टिक इंडिया’ हा आपला संघ व्हिएतनामच्या संघाविरुद्ध खेळत असताना एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर सापडलं. पंच तपासायला आले तेव्हा तो ते घाईघाईने पुसत होता. फाईलचं नाव होतं ‘वर्ड डॉट ईएक्सई’. मायक्रोसॉफ्ट वर्ड वाटावं म्हणून. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ऐन सामन्यात अर्ज टाइप करायची कोणाला गरज पडेल, हा विचार केलेला दिसत नाही. संघ बाद झाला, नंतर मोडला, त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. उरलेल्या चौघांनी काय केलं होतं? काही नाही. ते विमानात बसून परत आले.

शिक्षांमध्ये मला सगळ्यात रसिक वाटते ती युबिसॉफ्टची. गेमपॅडवर खेळायच्या यंत्राला चोरून माऊस जोडणाऱ्यांसाठी त्यांनी रेनबो सिक्स सीजमध्ये 2023 च्या एप्रिलमध्ये ‘माऊसट्रॅप’ आणला. पकडलं तर हाकलत नाहीत. तुमचं प्रत्येक बटण थोडं उशिरा चालू लागतं. मग आणखी उशिरा. तक्रार करायला जागा नाही, कारण तक्रार करायची तर माऊस जोडला होता हे आधी सांगावं लागतं.

सवलती

हाताला व्याधी आहे, एकच हात चालतो, बोटं आखडतात, अशा खेळाडूसाठी एका बटणावर दोन क्रिया बांधणं ही गरज असते. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये खास अशा खेळाडूंसाठी मोठाल्या गुंड्यांचा कंट्रोलर काढला. असा कोणी तुमच्या संघात असेल तर नियमावली त्याच्या तोंडावर मारू नका. खेळवाल्यांना विचारा, स्पर्धा असेल तर आयोजकांना आधी सांगा. उघड सांगून केलेल्या सोयीला कोणी चिटिंग म्हणत नाही. गल्लीतल्या लपंडावातही लिंबूटिंबूवर राज्य येत नसे, आणि ते डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना माहीत असे.

एकट्याने खेळायचा खेळ असेल, पलीकडे फक्त कॉम्प्युटर असेल, तर हवे तेवढे मॅक्रो लावा. कॉम्प्युटर तक्रार करत नाही. खेळानेच मॅक्रो दिले असतील तर तेही वापरा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 255 अक्षरांपर्यंतचा मॅक्रो लिहायची सोय खेळातच आहे, आणि तरीही एका दाबात दोन मोठे मंत्र सुटणार नाहीत याची काळजी त्यांनीच घेतलेली आहे.

वारंवार पडणारे प्रश्न

*माझा माऊस जुना झालाय. एकदा दाबलं तरी दोनदा क्लिक होतं. हा मॅक्रो का?*
नाही, हा म्हातारपणा. बटणाखालची पत्ती झिजली की ती उसळते आणि एकाचे दोन होतात. पण सर्व्हरला वय कळत नाही. माऊस बदला.

*मोबाईलचा खेळ कॉम्प्युटरवर एम्युलेटरने माऊस लावून खेळला तर?*
समोरचा अंगठ्याने खेळतोय आणि तुम्ही अख्ख्या हाताने. काही खेळ अशा लोकांना वेगळ्या लॉबीत एकमेकांशी भिडवतात, काही येऊच देत नाहीत. अंगठेवाल्यांच्या लॉबीत चोरून शिरू नका.

*पैसे लावून खेळत असलो तर?*
2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने केलेल्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे. तेव्हा तुमचा प्रश्न माऊसचा राहिलेला नाही. वकील बघा.

*समोरचा मॅक्रो वापरतोय असा मला दाट संशय आहे. काय करू?*
रिपोर्ट करा आणि पुढचा सामना लावा. ज्याच्याकडून आपण हरलो तो प्रत्येक जण हॅकर असतो, हे मत महाराष्ट्रभर प्रचलित आहे. त्यातले काही खरोखरच तुमच्यापेक्षा बरे खेळतात.

*आयडी बॅन झाली. आता?*
बॅनविरुद्ध दाद मागायची सोय बहुतेक खेळांत असते. आपल्याकडच्या पद्धतीने अर्जाचा नमुना खाली दिला आहे. इंग्रजीत करून पाठवावा, पण आशय ढळू देऊ नये.

प्रति,
मा. पहारेकरी साहेब,
(खेळाचे नाव लिहावे)

विषय : बंद केलेली आयडी पूर्ववत चालू करून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी खुलताबाद येथील कायम रहिवासी असून सदर आयडी मी स्वतः चालवीत आहे. दिनांक ______ रोजी रात्री माझ्या माऊसमधून एकाच वेगाने लागोपाठ क्लिक झाल्याचे आपल्या निदर्शनास आले. सदर वेळी माऊस माझ्या लहान भावाच्या / चुलत भावाच्या / मित्राच्या ताब्यात होता (लागू नसेल ते खोडावे. तिन्ही लागू नसतील तर हा परिच्छेद गाळून सरळ चूक कबूल करावी, शिक्षा कमी होण्याची शक्यता त्यातच जास्त असते). यापुढे एका दाबात एकच काम करीन अशी हमी देतो. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
(अर्जदाराचे नाव व रँक)

सोबत :
(1) स्वयंघोषणापत्र.
(2) माऊसचा फोटो, दिवे बंद करून काढलेला.
(3) लहान भाऊ असल्याचा पुरावा : रेशनकार्डाची झेरॉक्स.

टीप : हाच मजकूर मॅक्रोने भरून दहा ठिकाणी पाठवू नये, सगळे अर्ज एकाच टेबलावर जातात. सही पेनाने करावी.